जुन्या जीपचे पाटे: वाढवण्याआधी तपासा

पाणंद रस्त्यावरून भाजीपाल्याचे क्रेट नेण्यासाठी महिंद्राच्या सीजे ३बी, एमएम ५४० यांसारख्या जुन्या जीप आजही उपयोगी पडतात. या गाड्यांच्या पुढच्या व मागच्या दोन्ही ॲक्सलवर पोलादी पाटे असतात. गाडी आदळू लागली, की अनेक जण गॅरेजमध्ये एक पाटा वाढवून घेतात. मात्र दोष पुष्कळदा शॅकल, बुश, यू बोल्ट किंवा शॉकअपमध्ये असतो. तो तसाच राहिला, तर वाढीव पाट्याचा खर्च वाया जातो.

पाट्याचे काम कसे चालते?

खड्ड्यात चाक वर उचलले गेले, की वाकलेला पाटा सपाट होतो आणि त्याच्या दोन टोकांतील अंतर वाढते. त्यासाठी एका टोकाला हलणारे शॅकल असते. शॅकल गंजून जाम झाले, तर पाटा मोकळा हलत नाही आणि धक्का चेसिसला बसतो.

यू बोल्ट पाट्यांचा जुडगा ॲक्सलवर आवळून धरतात. ते ढिले पडले, तर सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ पाटा तुटतो किंवा बोल्ट कापला जातो. मग ॲक्सल जागेवरून सरकून गाडी एका बाजूला ओढते. उतारावर ब्रेक मारताना हे जिवावर बेतू शकते.

शॉकअप वजन उचलत नाही, तो पाट्याची उसळी आवरतो.

घरी करावयाची तपासणी

गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी व चाकांना उटी लावावी.

- दोन्ही बाजूंना ॲक्सल ते चेसिस उंची मोजून वहीत लिहावी. एक बाजू खाली असल्यास तिकडचा पाटा बसला किंवा तुटला असण्याची शक्यता असते.
- चिखल धुऊन मुख्य पाट्याचा डोळा आणि सेंटर बोल्टचा भाग बॅटरीच्या उजेडात पाहावा. बारीक तडाही सोडू नये.
- पहारीने शॅकल हलवून पाहावे. खडखड झाल्यास बुश किंवा पिन झिजली आहे.
- गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. तो वरखाली डोलत राहिल्यास किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसल्यास शॉकअप बदलावा.

दुरुस्ती करताना

- तुटलेला पाटा वेल्डिंग करू नये. उष्णतेने पोलादाचा कस जातो.
- शॅकलला ग्रीस निपल असल्यास चिखलातील कामानंतर ग्रीस भरावे. रबरी बुश असल्यास ग्रीस किंवा डिझेल लावू नये, रबर खराब होते.
- यू बोल्ट आलटूनपालटून समान आवळावेत. नवीन बसवल्यावर एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत.
- पाटे काढताना चेसिसखाली भक्कम स्टँड द्यावा. केवळ जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये.

पाटा वाढवावा का?

समजा, पाच पाट्यांच्या जुडग्यात तशाच जाडीचा सहावा घातला, तर ताठरपणा साधारण एक पंचमांशाने वाढतो. भरलेली गाडी कमी बसते, पण रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी जास्त उडते. टोमॅटो, द्राक्षे अशा नाजूक मालाला तो मार बसतो. गाडी नेहमीच भरलेली धावत असेल आणि बाकी सर्व भाग ठीक असतील, तरच पाटा वाढवावा. तो डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच असावा.

पाटा वाढवल्याने आरसी बुकात नोंदवलेली वजनमर्यादा वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक व टायर तेच राहतात. उंची वाढवण्यासाठी लांब शॅकल लावल्यास स्टिअरिंग व प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून ते टाळावे.

पावसाळ्याआधी व नंतर ही तपासणी करावी. आधी यू बोल्ट, बुश आणि शॅकल, मग शॉकअप आणि शेवटी पाटा, हा क्रम पाळल्यास खर्च योग्य ठिकाणी होतो.