कृष्णेच्या खोऱ्यातील गेंडा

डायनासोरांची लांबलचक नावे बिनचूक म्हणून दाखवणारी मुले आज घरोघरी आढळतात. सातारच्या पेठांत आणि सांगलीच्या गणपती पेठेत, दुकानाच्या गादीवर बसलेल्या आजोबांना ज्या नावांचा उच्चारही जड जातो, ती नावे सहा वर्षांचा नातू एका दमात सांगतो. कौतुक ओसरले की घरात दोन प्रश्न उभे राहतात. मोठी माणसे विचारतात, या वेडाचा उपयोग काय? मूल विचारते, आपल्या गावाच्या जमिनीखाली डायनासोर आहे का? मुलाचा प्रश्न अधिक नेमका आहे आणि त्याचे बरेचसे उत्तर सातारा जिल्ह्यातच मिळालेले आहे.

काळ्या पाषाणाच्या तळाशी

सज्जनगड, अजिंक्यतारा किंवा खंबाटकीचा घाट पाहताना डोंगराला आडव्या पट्ट्या दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेला, त्याच्या या खुणा. जीवाश्म तयार होण्यासाठी मृत प्राण्याचे शरीर लवकर चिखलागाळात गाडले जावे लागते. मग पाण्यातील खनिजे हाडात झिरपतात आणि हाडाचा दगड होतो. तप्त लाव्हारसात असे जतन होणे जवळजवळ अशक्यच.

मग लाव्हाच्याही खाली काय आहे? पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ रासाटी येथे भूकंपांच्या अभ्यासासाठी १,५२२ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात सुमारे ९३० मीटरपर्यंत केवळ काळा बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक सुरू झाला. हा खडक डायनासोरांच्या काळाहून कितीतरी जुना आहे. या दोहोंच्या मध्ये डायनासोरांच्या काळातील गाळाचा थर त्या ठिकाणी नव्हता. म्हणजे हाडे सापडण्याची जागाच तेथे शिल्लक नव्हती.

विदर्भातील स्थिती वेगळी आहे. तेथे लाव्हाच्या खाली आणि दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात साचलेला तळ्यांचा गाळ टिकून राहिला. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनासोरांची हाडे आणि दगड झालेली विष्ठाही सापडते. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान उभे आहे.

गोकाकजवळचा शोध

डायनासोर नाही म्हणून कृष्णाकाठच्या मुलाने निराश होण्याचे मात्र कारण नाही. सांगलीच्या दक्षिणेस, बेळगाव जिल्ह्यातील गोकाक परिसरात घटप्रभेचे खोरे आहे, आणि घटप्रभा ही कृष्णेचीच उपनदी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना तेथे चिकडौली गावाजवळ, पुरातन गाळाच्या थरात एका गेंड्याचे अवशेष मिळाले. १८७४ मध्ये त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा, असे नाव दिले. आज गेंडा पाहण्यासाठी आसामातील काझीरंगापर्यंत जावे लागते. एके काळी तो या खोऱ्यात चरत होता.

हे फूट म्हणजे १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हातकुऱ्हाड शोधून भारताच्या प्रागैतिहासिक संशोधनाचा पाया घालणारे गृहस्थ. कामावर जाता-येता ओढ्याच्या कडा न्याहाळण्याची त्यांना सवय होती. महाराष्ट्रातील इतर नद्यांनीही अशीच साक्ष दिली आहे. गोदावरीच्या काठी नांदूर मध्यमेश्वर येथे प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले. लातूर भागातील मांजरेच्या खोऱ्यात हत्ती, पाणघोडा व रानबैल यांचे.

नदीच्या मातीची पारख सांगलीच्या व्यापाऱ्यांना नवी नाही. हरिपूरची हळदीची पेवे याच काठच्या घट्ट, जाड मातीत खोदली गेली आणि त्यांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहिली. पेवासाठी किंवा विहिरीसाठी जमीन खणताना किती थर लागतात, कोणता काळा, कोणता पिवळट, कोठे चुनखडीचे खडे आणि कोठे वाळू, हे जुन्या खोदकऱ्यांना तोंडपाठ असे. जीवाश्माचा शोध घेणारा हेच थर वाचतो. फरक एवढाच की पेव काही वर्षांचा माल सांभाळते आणि नदीचा गाळ हजारो वर्षांपूर्वीचा.

म्हणूनच धोकाही येथेच आहे. नदीकाठची माती वीटभट्ट्यांसाठी उचलली जाते, वाळू यंत्राने उपसली जाते. अशा वेळी वर आलेले जड, दगडासारखे हाड ओळखणारा कोणी तेथे नसेल, तर ते भरावात जाते आणि त्याची साक्ष कायमची बुडते.

नोंद नाही तर मोल नाही

व्यापारी घराला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही: ज्या मालाची नोंद नाही, त्याचा हिशेब लागत नाही. जीवाश्मालाही हाच नियम लागू पडतो. कोणत्या गावी, कोणत्या थरात, किती खोलीवर मिळाला हे लिहिलेले नसेल, तर अस्सल हाडही शोभेच्या दगडाइतकेच बोलते.

भारतातील डायनासोर संशोधनाची कथाच याचा दाखला आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये जबलपूर येथे शेपटीचे दगडी मणके मिळाले. ‘डायनासोर’ हा शब्द त्यानंतर चौदा वर्षांनी, १८४२ मध्ये जन्माला आला. मणके हातोहाती कोलकात्यास पोहोचले. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जात सांगितली. पुढे हे मणके कोठे गेले ते कोणास कळेना. ते हरवले असेच जग मानीत होते. अखेर २०१२ मध्ये कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच मूळ मणका पुन्हा ओळखला गेला. वस्तू घरातच होती, पण खतावणीतून निसटली होती.

तो ओळखणाऱ्यांत धनंजय मोहबे हे भूवैज्ञानिक होते. त्यांचाच दुसरा अनुभव धीराचा धडा देतो. १९८४ मध्ये गुजरातेतील ढोली डुंगरी येथे त्यांनी डायनासोरच्या अंड्यांचे घरटे व त्यालगतची बारीक हाडे गोळा केली. ती नुकत्याच जन्मलेल्या पिलाची असावीत असे तेव्हा वाटले. २००१ मध्ये अमेरिकी अभ्यासक जेफ्री विल्सन यांनी त्याच खडकात सापाचे मणके हेरले. २०१० मध्ये जगापुढे आला तो घरट्यातील पिलावर टपलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, ‘सनाजेह इंडिकस’. सव्वीस वर्षांनी हा अर्थ उलगडला, कारण मूळ खडक आणि त्याची स्थळनोंद दोन्ही जपलेली होती.

छंदाला वळण

या छंदाची सुरुवात हातोड्याने नव्हे, वहीने करावी. दिनांक, ठिकाण, नदीची कोणती बाजू, थराचा रंग, वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र, एवढे टिपण पुरेसे आहे. संशयास्पद हाड दिसल्यास ते उपटू नये. तसे केल्याने ते मोडते व थराशी असलेले नाते तुटते. पुण्याचे डेक्कन कॉलेज, भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभाग यांना छायाचित्रासह कळवावे. पावसाळ्यानंतर ओढ्यांच्या कडा नव्याने उघड्या पडतात. तेव्हा मोठ्यांच्या सोबतीने केलेली फेरी लाभदायक ठरते. ढासळत्या दरडीखाली मात्र मुलांनी कधीही जाऊ नये.

प्रत्येक नक्षी जीवाश्म नसते, हेही लवकर शिकावे. दगडावरील नेच्यासारखी काळी नक्षी बहुधा मँगनीजची असते आणि खाणीत मिळणारे पांढरे चमकदार स्फटिक ही बेसॉल्टच्या पोकळ्यांत तयार झालेली खनिजे. उलट, ज्यांत जीवाश्म असल्याची शंकाही येत नाही अशा वस्तू घरात असतात. शेजारच्या देवघरातील शाळीग्राम हा गंडकी नदीत मिळणारा, समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांना परिचित असलेल्या जैसलमेरच्या पिवळ्या पाषाणातही शिंपल्यांचे ठसे दिसतात. वाळवंटाच्या जागी एके काळी समुद्र होता, हे त्या फरशीवर लिहिलेले असते.

बाजारात विकत मिळणारा, स्थळाची माहिती नसलेला जीवाश्म टाळलेला बरा. त्यात नकली मालही पुष्कळ असतो. या छंदासाठी कोणत्याही जिवाला इजा करावी लागत नाही आणि खर्चही फारसा नाही. लागते ती नजर, सचोटीची नोंद आणि वाट पाहण्याची तयारी. मोठ्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते, कारण पेढीवर बसणाऱ्या माणसालाही हेच तीन गुण लागतात. नातवाला पुढील वाढदिवशी प्लास्टिकचा डायनासोर देण्याऐवजी एक जाड वही, मोजपट्टी आणि नदीकाठची एक सकाळ द्यावी. कोणत्या ओढ्याच्या कडेत दख्खनचा दुसरा गेंडा वाट पाहत असेल, ते त्या वहीलाच कळायचे आहे.