‘चप्पल आणा रे!’ हा जोक नेमका कुणावर?

वरात निघालीय. डीजेवर गाणं चढलंय आणि ग्रुपमधला एक जण भान हरपून नाचायलाय. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, ‘अरे ह्याला फिट आली वाटतं, चप्पल आणा रे!’ सगळे हसतात. नाचणाराही हसतो आणि मुद्दाम आणखी हातपाय झाडतो.

नांदेडची गल्ली असो की लातूरची, हा जोक तुम्ही ऐकलेला आहे. कदाचित मारलाही असेल. आपल्याला पेपर बघून फिट येते, मेसचं बिल बघून फिट येते, क्रशने रिप्लाय दिला तरी फिटच येते. युवक महोत्सवाच्या प्रहसनात हशा कमी पडायला लागला की एखादं पात्र थरथरत खाली पडतं आणि दुसरं पायातली चप्पल काढून धावत येतं. टाळ्या हमखास. कुणाला दुखवायचा हेतू नसतो, हेही खरं.

आता एक छोटा हिशेब करू. भारतात एक कोटीहून अधिक लोकांना अपस्मार म्हणजे मिरगीचा आजार असल्याचा अंदाज आहे. ढोबळमानाने सव्वाशे-दीडशे माणसांमागे एक. लातूरच्या क्लासमधली एखादी मोठी बॅच डोळ्यांसमोर आणा. त्या हॉलमध्ये असा एखादा तरी असण्याची दाट शक्यता आहे. तो किंवा ती कोण, हे तुम्हाला माहीत नसतं, कारण त्यांनी कुणालाच सांगितलेलं नसतं. का सांगितलं नसेल? आणि त्यात आपल्या जोकचा वाटा किती?

फिट येते म्हणजे होतं काय?

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. काही वेळा बऱ्याच पेशी एकदम, ताल सोडून संदेश पाठवायला लागतात आणि माणसाचा शरीरावरचा ताबा सुटतो. यालाच आपण फिट, आकडी किंवा फेफरं म्हणतो. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. विनाकारण पुन्हा पुन्हा फिट येण्याचा कल असेल तर तो अपस्मार. डोक्याला मार, जन्माच्या वेळची गुंतागुंत, मेंदूतला जंतुसंसर्ग, पोटातून मेंदूत पोचलेल्या टेपवर्मच्या अळ्या अशी अनेक कारणं असतात. कित्येकदा कारण सापडतच नाही. हेल्मेट न घालता बाइक पळवणाऱ्यांनी यादीतलं पहिलं कारण परत वाचावं.

प्रत्येक फिटमध्ये माणूस खाली पडून हातपाय झाडतो असंही नाही. कुणी काही सेकंद नुसतं शून्यात बघत राहतं. सर विचारतात, ‘लक्ष कुठंय?’ वर्ग हसतो. त्या मुलीला मात्र सरांनी काय विचारलं हेही कळलेलं नसतं.

‘अपस्मार’ या शब्दातच ही गोष्ट आहे. स्मृती निघून जाणं असा त्याचा अर्थ. नटराजाच्या मूर्तीत पायाखाली दबलेला बुटका बघितला असेल, त्याचं नावही अपस्मार. तो अज्ञानाचं प्रतीक मानला जातो.

सगळ्यांनी पाहिलं, एकाला सोडून

मोठी फिट आलेल्या माणसाला ती फिट आठवत नाही. हा प्रसंग सगळ्या कट्ट्याने बघितलेला असतो, फक्त ज्याच्यावर आला त्यानेच नाही. तो शुद्धीवर येतो तेव्हा आजूबाजूला पायांचं रिंगण असतं. जीभ चावलेली असते, कधी कपडे ओले झालेले असतात, डोकं जड असतं. नाकाशी कुणाची तरी चप्पल असते. आणि दोन-तीन जणांच्या हातात मोबाइल.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्यासमोर ‘काल तू असा करायला होतास’ म्हणून नक्कल करून दाखवतं. त्याला हसावंच लागतं, कारण चिडला तर ‘लै सेंटी झालास’ हे ऐकावं लागणार. पण त्या नकलेतून तो स्वतःच्या शरीरात काय झालं हे पहिल्यांदा बघत असतो.

व्हिडिओ काढण्याचंही तसंच. डॉक्टरांसमोर फिट क्वचितच येते, त्यामुळे मोबाइलवरचा व्हिडिओ त्यांना निदानासाठी खरंच उपयोगी पडतो. तेव्हा एकाने मदत करावी, दुसऱ्याने हवं तर व्हिडिओ घ्यावा, आणि तो फक्त त्या व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांना द्यावा. मग आपल्या फोनमधून उडवावा. तीच क्लिप क्लासच्या ग्रुपवर गेली की त्या पोराचं गावाला परत जायचं तिकीट निघालं म्हणून समजा.

चपलेवर तीही बोलली

मग अपस्मारावर विनोद करायचाच नाही का? हे ठरवण्याआधी, ज्यांना तो आहे ते काय करतात ते बघू. ‘दंगल’मधली फातिमा सना शेख हिने नोव्हेंबर २०२२ मध्ये इन्स्टाग्रामवर आपल्या अपस्माराबद्दल चाहत्यांच्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरं दिली. चप्पल किंवा बूट हुंगवण्याचा प्रश्न निघालाच. हा निव्वळ गैरसमज आहे, असं ती म्हणाली. फिटमधून सावरणं आधीच जड असतं, त्यात डोळे उघडल्यावर घाणेरड्या वासाचा बूट समोर असावा, ही तर शेवटची गोष्ट कुणाला हवी असेल, अशा अर्थाचं तिचं उत्तर होतं. हसत हसत दिलेलं.

मेझी अॅडम ही इंग्लंडची कॉमेडियन. किशोरवयात तिला अपस्माराचं निदान झालं आणि २०१८ मध्ये एडिंबरा फ्रिंजला तिने त्याच अनुभवावर अख्खा स्टँडअप शो केला.

चप्पल दोन्हीकडे तीच आहे. वरातीतला जोक थरथरणाऱ्या अंगावर हसतो. फातिमाचा चिमटा चप्पल घेऊन धावणाऱ्यांना बसतो. फिट आलेल्या माणसाच्या हातात त्या क्षणी काहीच नसतं, चप्पल आणणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं. त्यामुळे दुसरा विनोद पचतो आणि शिकवतोही.

सहानुभूतीचा अतिरेकही तितकाच टोचतो बरं का. ‘बिचारा’, ‘त्याला ट्रिपला नको न्यायला’, ‘तिला गॅदरिंगला उभं करू नका’ असं म्हणत आपण माणसाला ग्रुपमधून हळूच बाहेर काढतो. १९९२च्या वर्ल्ड कपमध्ये हवेत झेपावून इंझमामला रन आउट करणारा जॉन्टी ऱ्होड्स आठवतो ना? त्यालाही अपस्मार आहे.

सांगायला भीती कसली?

पहिली भीती लग्नाची. खास करून मुलींच्या घरी गोळ्यांची पाकिटं डाळीच्या डब्यामागे जातात ती याच भीतीने. ही भीती कायद्यानेही बरीच वर्षं पोसली. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट हा लग्नातला अडथळा ठरवला गेला आणि त्या कारणावरून लग्न रद्द करून घेता येत असे. तो शब्द कायद्यातून गेला १९९९ मध्ये. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की अपस्मार हा असाध्य आजार नाही, मानसिक विकारही नाही, आणि त्या आधारावर घटस्फोट मागता येणार नाही. कायदा पुढे गेला, पाहुणेमंडळी अजून तिथंच आहेत. म्हणूनच पुण्यात यशोदा वाकणकर यांनी, म्हणजे लेखक अनिल अवचट यांच्या मुलीने, स्वतःच्या अपस्माराबद्दल उघडपणे बोलत ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला, ही गोष्ट मोठी वाटते.

दुसरी भीती लायसन्सची. लर्निंगचा अर्ज भरताना आरोग्याच्या घोषणापत्रातला पहिला प्रश्न तुम्ही बहुतेक न वाचता ‘नाही’ करून पुढे गेला असाल. तो प्रश्न अपस्माराचा आणि अचानक शुद्ध हरपण्याचा आहे. एखादा मित्र बाइक चालवायला सतत टाळत असेल तर ‘घाबरट’ म्हणण्याआधी हे आठवा.

तिसरी भीती आपली. रूममेटची, बॅचची, कट्ट्याची. ही सगळ्यात महागात पडते. गोळी चुकणं आणि झोप कमी होणं ही फिट येण्याची दोन नेहमीची निमित्तं आहेत. आता नीटची तयारी करणाऱ्या लातूरच्या होस्टेलवरचं टाइमटेबल बघा. रात्री दोनपर्यंत अभ्यास, सकाळी सहाला क्लास. ज्याला रात्री अकराला गोळी घेऊन झोपायचंय, तो रूममेट्सना काय सांगणार? ‘डोकं दुखतंय’ असं रोज सांगता येत नाही. मग गोळी व्हिटॅमिनच्या डबीत जाते, जागरण सुरू होतं आणि एके रात्री बाथरूममध्ये फिट येते. दाराला आतून कडी असते. बाहेर कुणालाच काही माहीत नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य निदान आणि नियमित औषध मिळालं तर अपस्मार असलेल्या १०० पैकी ७० जण फिटविना जगू शकतात. म्हणजे गोळी वेळेवर घेणं हेच मोठं काम. ते लपून करावं लागू नये, एवढं तर आपण बघू शकतो.

जोक कधी गुन्हा होतो?

काही जणांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येते. अपस्मार असलेल्या १०० पैकी साधारण तिघांना हा त्रास असतो. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. तो अपघात होता. पुढे इंटरनेटवर काहींनी हे मुद्दाम करायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये २०२० साली अपस्मार असलेला एक लहान मुलगा मदतनिधीसाठी चालत होता, तर ट्रोलांनी ‘गंमत’ म्हणून लुकलुकणाऱ्या क्लिप पाठवल्या. त्या मुलाच्या नावाने मोहीम झाली आणि २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी कायद्यात असं पाठवणं हा गुन्हा ठरला. मिरवणुकीत डीजेच्या लाइट्ससमोरून कुणी बाजूला व्हायला लागलं, तर त्याला ओढून मध्ये आणू नका.

फिट आली तर हे करा

• घड्याळ बघा. वेळ मोजा.
• आजूबाजूचे दगड, टेबल, बाइक बाजूला करा. डोक्याखाली जर्किन किंवा सॅक ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा.
• झटके थांबू लागले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील.
• हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीच घालू नका. चप्पल, कांदा, हातात किल्ली यांचा काही उपयोग नाही. चप्पल हुंगवल्यावर फिट थांबते असं वाटतं, कारण चप्पल शोधून आणेपर्यंत ती तशीही थांबणारच असते.
• फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, लागोपाठ दुसरी आली, मार लागला किंवा पहिल्यांदाच आली असेल तर १०८ ला फोन लावा.
• पूर्ण शुद्ध येईपर्यंत थांबा. गर्दी हटवा. नाव घेऊन हळू आवाजात बोला.

मग हसायचं की नाही?

हसायचं. पण जोक मारण्याआधी एवढं बघायचं की, ज्याच्या बॅगेत गोळ्या आहेत असा कुणीतरी याच घोळक्यात उभा आहे. हा जोक ऐकून तो उद्या मला बाजूला घेऊन ‘मला फिट येतात, आल्या तर एवढं कर’ असं सांगेल का? सांगेल असं वाटत असेल तर बिनधास्त मारा. तो आणखी दोन पावलं मागे सरकेल असं वाटत असेल, तर दुसरा जोक शोधा. तुमच्याकडे कमी नाहीत. आणि त्याने स्वतःच स्वतःवर जोक मारला, तर मनापासून हसा. तो तुम्हाला आत घेतोय.

१७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या निमित्ताने कॉलेजात पोस्टर लावायच्या ऐवजी एक प्रहसन बसवा. थरथरणारं पात्र ठेवायचंच असेल तर ठेवा, पण हशा चप्पल घेऊन धावणाऱ्यावर, कांदा आणणाऱ्यावर आणि व्हिडिओ काढत बसलेल्यावर काढा. प्रेक्षकांत बसलेला तो एक जण बहुतेक सगळ्यांपेक्षा जोरात हसेल.