चकवर झेंडू, झेंडूत लोंबी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये काम बंद असतं आणि लेथची आंघोळ सुरू असते. ट्रेमधला चुरा निघतो, बेडवरचं काळं तेल कॉटन वेस्टने पुसलं जातं, चकला हळदीकुंकू लागतं, झेंडूचा हार चढतो. तो हार जवळून पाहावा. फुलांच्या मधूनमधून भाताच्या लोंब्या ओवलेल्या दिसतात.

यंत्राच्या पूजेत भात, कारण दसरा आधी पिकाचा सण आहे. रावणवध आणि महिषासुरमर्दिनीच्या कथा सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण घरातले विधी शेताचंच बोलतात. घटस्थापनेला पत्रावळीवर शेतातली माती पसरून तिच्यात धान्य पेरायचं, मधल्या घटाच्या पाण्यावर ते रुजू द्यायचं आणि दसऱ्याला उगवलेले तुरे टोपीत, फेट्यात खोवायचे. रब्बीच्या पेरणीआधी बियाण्याची उगवण पारखण्याचीच ही रीत, असं वाटल्यावाचून राहत नाही.

खरिपाचं पीक हाताशी आलं, पाऊस सरला, नद्या उतरल्या, की मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघत. म्हणून आदल्या दिवशी शस्त्रांची पूजा. शेतकऱ्याने त्याच दिवशी नांगर-कुळव पुजले, सुताराने वाकस-करवत.

पुढे १९५०च्या दशकात पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी, आकुर्डी करत कारखाने कांद्याच्या चाकणपर्यंत पोचले. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या कामगारांना नवी पूजा शिकावी लागली नाही. कुळवाच्या जागी लेथ आला एवढंच. बिहार, ओडिशाकडचे कामगार दसऱ्याच्या आधीच, १७ सप्टेंबरच्या सुमारास, त्याच यंत्रांसमोर विश्वकर्मा पूजा करतात.

या सोहळ्यात आपट्याचे मात्र हाल होतात. सोनं म्हणून फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि आपट्याच्या नावाखाली कांचनाचीही पानं विकली जातात. खरं तर एका पानानेही सोनं देता येतं.

लोंबीचं तसं नाही. ती शेतातच पिकते, आणि भाताचा मावळ इथून हाकेच्या अंतरावर आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला इंद्रायणी भात १९८७ पासून शेतात आहे. यंदा तोरण घेताना लोंब्यांचं मागा, आणि विकणाऱ्या मावशींना विचारा, भात कुठल्या गावचा.