थांबलेली पाळी परत येते तेव्हा

चेन्नई शहरात मुलगी वयात आली की घरात उत्सव होतो. ‘मंजळ नीराट्टु विळा’ म्हणजे हळदीच्या पाण्याने स्नान घालण्याचा सोहळा. त्यासाठी पत्रिका छापतात, मामा साडीचोळी व दागिना घेऊन येतो, आणि मुलीला उडदाच्या पिठाची ‘उळुंदु कळी’ खाऊ घालतात. तिच्यात तिळाचे तेल आणि ताडगूळ सढळ हाताने घातलेला असतो. आपल्याकडेही फार जुनी गोष्ट नाही. मुलीला न्हाण आले म्हणजे मखरात बसवीत, ओटी भरीत आणि गोडाधोडाचे जेवण करीत. या चालीरीतींतल्या सगळ्याच गोष्टी जपण्यासारख्या होत्या असे मी म्हणणार नाही. विटाळाच्या कल्पनेने स्त्रियांना पुष्कळ जाच झाला आहे. परंतु या वयातल्या मुलीला तेल-तूप, गूळ आणि कडधान्य पोटभर मिळाले पाहिजे, ही जाण त्यांत होती.

या वाजतगाजत आलेल्या पाहुणीने पुढे चार-सहा वर्षांनी मुकाट्याने निघून जावे आणि घरात कोणाच्या लक्षातही येऊ नये, असे मात्र वरचेवर घडते. मुलगी सतरा-अठरा वर्षांची असते. अभ्यासात हुशार, वागण्यात शिस्तशीर. आधी भात सुटतो, मग तूप सुटते, मग रात्रीचे जेवण सुटते. उपासांची संख्या वाढते आणि आजीला नात धार्मिक झाल्याचे समाधान वाटते. पाळी चुकली तर परीक्षेचा ताण, हवापालट, अशक्तपणा अशी कारणे तयार असतात. ‘अॅनोरेक्सिया नर्व्होझा’ या आहारविकाराची सुरुवात पुष्कळदा अशीच होते.

हे श्रीमंत देशांचे नवे खूळ आहे, असा एक समज आहे. तो दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन याने १६८९ साली आपल्या ग्रंथात एका अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत लिहिली. तीत प्रथम नोंद आहे ती पाळी बंद झाल्याची. तिचे खंगत जाणे त्यामागून येते. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग यांनी एकाच सुमारास या विकाराचे वर्णन केले. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात मद्रासच्या मनोविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी करून आहाराविषयीची अशी अस्वस्थता नोंदविली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनीही २००७ साली मुले व किशोरवयीन यांच्यातील आहारविकारांवर लेख प्रसिद्ध केला. आपल्याकडची मुलगी ‘मी जाड होईन’ असे नेहमीच म्हणत नाही. पोट गच्च वाटते, घास उतरत नाही, उलटी होते, अशी तिची तक्रार असते. त्यामुळे घरचे लोक पोटाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या घालीत राहतात.

आता पाळी थांबते का, हे पाहू. मी सरकारी नोकर आहे, तेव्हा दृष्टांतही सरकारी कारभारातलाच सुचतो. अवर्षणाच्या साली तिजोरीत खडखडाट झाला की नवी बांधकामे आधी थांबतात. अन्नधान्य, पाणी आणि औषधे यांवरचा खर्च तेवढा चालू ठेवतात. शरीराचा हिशेबही असाच असतो. हृदय, मेंदू आणि श्वास यांचे काम थांबवून चालत नाही. नव्या जिवाची तयारी मात्र पुढे ढकलता येते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तो साधारण तासा-दीड तासाने एका संप्रेरकाचा ठोका देतो. त्या ठोक्यावर पियूषिका ग्रंथी अंडाशयांना आज्ञा पाठविते आणि महिन्याचे चक्र फिरते. मिळणारे अन्न होणाऱ्या श्रमाला पुरेनासे झाले की हे ठोके मंदावतात. शरीरात चरबीचा साठा किती आहे, याची वार्ता मेंदूला देणारे लेप्टिन हे द्रव्य १९९४ साली सापडले, तेव्हा या हिशेबाचा एक मोठा दुवा हाती आला.

मद्रास इलाख्याने याचा फार दारुण पुरावा पाहिला आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणले. तेथील सॅनिटरी कमिशनर कॉर्निश यांनी एवढ्यावर श्रम करणारा माणूस जगत नाही, अशी तक्रार लावून धरली. त्या काळात इलाख्यात जन्मांची नोंद एकदम घसरली. मृत्यू, स्थलांतर आणि घरांची ताटातूट ही कारणे होतीच; उपाशी स्त्रियांच्या शरीराने मागे घेतलेला हातही त्यांत होता. कामावरच्या त्या बाईला धान्य मिळत नव्हते, आणि आजच्या मुलीपुढे भरले ताट असते. हायपोथॅलॅमसला हा भेद कळत नाही.

म्हणून थांबलेली पाळी आणण्याचा मुख्य उपाय म्हणजे पुरेसे अन्न, तेही स्निग्धांशासह आणि दीर्घकाळ. किती वजनावर ती परत येईल, याचा एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. न्यूयॉर्कजवळच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती सरासरीने प्रमाण वजनाच्या सुमारे ९० टक्क्यांवर परतली, आणि तेथवर पोहोचलेल्या मुलींपैकी ८६ टक्के जणींना सहा महिन्यांच्या आत आली. या ‘सहा महिन्यांच्या आत’ शब्दांकडे लक्ष द्यावे. वजन भरले म्हणून दुसऱ्याच महिन्यात कॅलेंडरकडे डोळे लावून बसणे योग्य नाही. ज्या मुलीचा बांधा आजारापूर्वी भरदार होता, तिला आणखी थोडे अधिक वजन लागू शकते. वजन ठीक दिसत असूनही रोज मैलोनमैल धावणारी किंवा मनातून धास्तावलेली मुलगी मागे राहू शकते.

येथे घाई करणारे पालक एक मागणी करतात : पाळी आणायची गोळी द्या. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होतो, हे खरे. पण तो गोळी थांबविल्याने होणारा स्राव असतो. अंडाशय जागे झाल्याची ती खूण नव्हे. या उसन्या पाळीने घर निश्चिंत होते, मुलीलाही कमी खाण्याला आधार सापडतो, आणि खरी खूण झाकली जाते. इस्ट्रोजेनच्या अभावी हाडे विरळ होत असतात, आणि नेमके याच वयात त्यांत आयुष्यभराची भर पडायची असते. तोंडाने घेतलेल्या या गोळ्यांनी ती हानी भरून निघते, असे अभ्यासांत दिसलेले नाही. डॉक्टरांना अन्य कारणाने एखादे संप्रेरक द्यावेसे वाटले तर तो त्यांचा अधिकार. आपण दुकानातून आणून देऊ नये.

मुलीच्या मनाचा विचार यापुढे सुरू होतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. आईला ज्या दिवशी देवापुढे साखर ठेवावीशी वाटते, त्या दिवशी मुलगी कदाचित रडत असते. पाळी बंद होणे तिला आपल्या निग्रहाचे प्रमाणपत्र वाटत होते. परत आलेली पाळी तिला पराभवासारखी वाटते, आणि दुसऱ्या दिवशी ताट पुन्हा अर्धे राहते. अशा वेळी ‘झालीस ना बरी!’ म्हणून आनंद करणे घातकी ठरते. आहार तसाच चालू राहिला पाहिजे आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जाणेही चालू राहिले पाहिजे. पाळी हे आजाराचे एकमेव मोजमाप नाही, हे वैद्यकशास्त्रानेही मान्य केले आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाच्या निकषांतून पाळी बंद असण्याची अट काढून टाकली, कारण पाळी चालू असूनही गंभीर आजारी असलेल्या मुली होत्या, आणि मुलगेही होते.

बोलावे कोणाशी, असा प्रश्न पडेल. ‘टेलिमानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. स्त्रीरोगतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि आहाराचा सल्ला देणारे यांनी एकमेकांशी बोलून उपचार करावेत, हा आग्रह मात्र घरच्यांनीच धरावा लागतो. थायरॉइड, गर्भधारणा किंवा दुसरे काही कारण नाही ना, हेही तपासून घ्यावे लागते.

पहिले काही महिने चक्र वेडेवाकडे चालते. एकदा आले की चाळीस दिवस नाही, मग पंचवीस दिवसांनी पुन्हा. स्राव दिसण्याआधीही बीज सुटू शकते, तेव्हा विवाहित स्त्रीने पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असे गृहीत धरू नये. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर दुधाचा आणि गॅसचा हिशेब असतो, तेथेच एका कोपऱ्यात मुलीने हवी तर आपली बारीकशी खूण करावी. ती कोणी मोजीत बसू नये.