फळ्यावरचा प्रश्न आणि ट्रंकेतला कागद

रोज परिपाठाच्या वेळी फळ्याच्या कोपऱ्यात इतिहासाचा एक प्रश्न लिहायचा, ही पद्धत पुष्कळ शाळांत आहे. आम्हीही ती पाळतो. ‘मलिक अंबरने खडकी कधी वसवली?’ असे विचारले की छत्रपती संभाजीनगरातल्या मुलांचे हात भराभर वर होतात. खडकी म्हणजे आपलेच शहर. ‘१६१०!’ उत्तर बरोबर, टाळ्या, आणि फळा पुसला जातो. उत्तर मिळाले की प्रश्नच संपतो, ही या खेळातली अडचण. मुलांनी घरी न्यावा, घरातल्या गप्पांत मिसळावा, असा प्रश्न कोणता?

एके दिवशी आम्ही लिहिले : ‘शाळेच्या एका जुन्या दाखल्यावर जन्माचे वर्ष १३४० आहे. हा मुलगा कोणाच्या राज्यात जन्मला?’

‘महंमद तुघलकाच्या!’ वर्ग एकदम ओरडला. मुलांचे अगदीच चुकले असे नाही. तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी हलवली ती आपल्या शेजारच्या दौलताबादला. पण एका मुलीने विचारले, ‘तेव्हा शाळेचे दाखले होते का?’ हाच प्रश्न आम्हाला हवा होता. उत्तर न सांगता आम्ही एवढेच म्हणालो, ‘घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून या.’

दुसऱ्या दिवशी वर्गात नुसत्या गप्पा. कोणाचे पणजोबा उर्दूतून शिकले होते. कोणाच्या पणजीला ‘सात हाली म्हणजे सहा कलदार’ हा हिशेब अजून पाठ होता. हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा. एकाने ट्रंकेतल्या जमिनीच्या कागदाची नक्कल आणली. तिच्यावर सन १३५२, आणि पुढे बारीक अक्षरात ‘फ.’ दुसऱ्याने चारमिनारचे चित्र असलेले नाणे आणले. त्यावरचा उर्दू आकडा एका मुलाच्या वडिलांनी वाचून दिला होता : १३६२.

आता गंमत पाहा. कागद १३५२ चा, नाणे १३६२ चे, आणि दोन्ही आहेत इ.स. १९४३ च्या सुमाराचे! हे कसे?

नाण्यावर हिजरी सन आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि साधारण ३५४ दिवसांत संपते. ऋतू मात्र सूर्यावर अवलंबून असतात. त्यांचे चक्र सुमारे ३६५ दिवसांचे. म्हणजे दरवर्षी अकरा दिवसांचा फरक. आपल्या पंचांगातही महिने चंद्राचेच असतात; पण साठलेला फरक सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना धरून भरून काढतात. हिजरीत अधिक महिना नाही. त्यामुळे तिचे महिने सर्व ऋतूंतून फिरतात.

सणांना त्याने अडत नाही, पण शेतसाऱ्याला अडते. पीक हाती येण्याआधीच वसुलीची तारीख आली, तर शेतकरी सारा कुठून देणार? म्हणून मोगलांनी वसुलीसाठी सूर्यावर चालणारा सन काढला. फसल म्हणजे पीक, म्हणून तो फसली. उत्तरेत तो अकबराने सुरू केला. दख्खनेत तो शाहजहानच्या काळात १६३६ मध्ये आला. त्या वेळी हिजरी सन १०४६ चालू होता. तोच आकडा फसलीने उचलला आणि तेथून पुढे सूर्याच्या चालीने मोजणी केली. १६३६ मधून १०४६ वजा करा, उत्तर ५९०. फसलीत ५९० मिळवायचे ते यासाठी!

हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखांना ५९० आणि नंतरच्या महिन्यांना ५९१ मिळवावे. दाखल्यावरचे १३४० म्हणजे १९३०-३१. मुलगा तुघलकाच्या नव्हे, सातव्या निजामाच्या राज्यात जन्मला.

नाण्याचेही कोडे सुटते. सूर्याची ३३ वर्षे होतात तेव्हा चंद्राची सुमारे ३४ होतात. १६३६ ते १९४३ ही ३०७ वर्षे. तेवढ्यात हिजरी सन नऊ-साडेनऊ वर्षे पुढे गेला. दोन्ही वर्षांचे आरंभ वेगवेगळ्या वेळी होतात, म्हणून आकड्यांतला फरक कधी नऊ, कधी दहा दिसतो.

‘फ.’ हे एक अक्षर नजरेतून सुटले, तर माणूस सहाशे वर्षे मागे जातो. ते दिसले आणि महिना पाहिला नाही, तर वय एका वर्षाने चुकते.

त्याच गप्पांत एक पणजोबा म्हणाले होते, ‘पंधरा ऑगस्टला आमच्याकडे निजामच होता.’ मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. ही तारीख मुलांना पाठ असते. पण मधले तेरा महिने घरात कसे गेले, हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. कागद ट्रंकेत आणखी काही वर्षे राहील, पण तो समजावून सांगणारे माणूस राहीलच असे नाही. म्हणून हा प्रश्न फळ्यावर लिहायचा तो याच वर्षी.

जाता जाता वर्गासाठी एक प्रश्न. मराठ्यांच्या जुन्या पत्रांत शुहूर सन आढळतो. तो मृग नक्षत्राला सुरू होतो आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. इ.स. ६२२ मध्ये हिजरी सन सुरू झाला तेव्हा फरक होता ६२१ चा. दर ३३ वर्षांनी तो एकाने घटतो, हे धरून शुहूर सन हिजरीपासून कधी वेगळा झाला ते काढा. इतिहासकार १३४४ हे वर्ष देतात. मुलांचे उत्तर चार-पाच वर्षे इकडेतिकडे आले तरी चालेल. तेव्हा दख्खनेवर राज्य कोणाचे होते, हेही विचारा. या खेपेला मात्र ‘तुघलक’ हे उत्तर बरोबर असेल!