नव्याचा दरवळ, जुन्याचा दाणा

बेळगाव, शहापूर, येळ्ळूर या परिसरात दिवाळीनंतर भाताची सुगी उरकते आणि नवा बासमती घरोघर शिजू लागतो. आत चुलीवर काय आहे, हे उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या पाहुण्याला सांगावे लागत नाही. तथापि त्याच घरात लग्नकार्य निघाले, की यजमान नव्या तांदळाच्या वाटेस न जाता जुन्याचा शोध करू लागतो. ज्याचा वास उत्तम तो पंक्तीला नको आणि ज्याचा वास उणावला त्याला मोल अधिक, हा व्यवहार वरवर पाहता विसंगत वाटतो. त्याचे कारण साठवणीतल्या दाण्यात होणाऱ्या फेरफारांत आहे.

प्रथम सुवासाचा विचार करू. सुवासिक तांदळाच्या वासाचे मुख्य द्रव्य १९८२ साली अमेरिकेतील रॉन बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. त्याचे नाव २-ॲसिटिल-१-पायरोलीन. साधा भात शिजताना त्यात जी हिरवी आंबेमोहोर पात घालतात, तिच्यातही हेच द्रव्य असते. ते पीक शेतात उभे असताना तयार होते आणि दाणा भरण्याच्या दिवसांत हवा गार असली तर त्याचे प्रमाण चांगले राहते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि तेथील कार्तिकातल्या रात्री थंड असतात, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे. परंतु हे द्रव्य उडून जाणारे आहे. कापणीनंतर त्यात भर पडत नाही, घटच होत जाते.

दाण्याच्या घडणीची गोष्ट नेमकी उलट आहे. नव्या तांदळातील पिष्ट शिजताना लवकर फुगते आणि त्याचा बराच अंश पाण्यात उतरतो. म्हणून नव्याची पेज दाट होते आणि भात गिचका होतो. साठवणीत हवेतील प्राणवायूच्या योगाने दाण्यातील प्रथिनांचे धागे एकमेकांस जोडले जातात आणि पिष्टाचे कण अधिक घट्ट धरून ठेवले जातात. असा दाणा पाणी जास्त पितो, फुगतो, पण फुटत नाही. शीत न् शीत वेगळे राहते. या फेरफारांपैकी बहुतेक पहिल्या तीन-चार महिन्यांत होतात आणि उष्ण हवेत ते अधिक वेगाने होतात. आयुर्वेदाने नवे धान्य गुरू आणि वर्षभर जुने लघू मानले आहे. पंक्तीचा यजमानही अनुभवाने त्याच निर्णयास येतो.

मात्र जुनेपणालाही मर्यादा आहे. दाण्यातील स्निग्धांश हळूहळू विघटित होतो आणि त्यातून शिळा, खवट वास निर्माण होतो. म्हणून पारख करताना नवा आणि जुना तांदूळ सारख्याच मापाने घेऊन शेजारी शेजारी शिजवावा. जुन्याला पाणी थोडे अधिक लागते. झाकण काढताच येणारी पहिली वाफ हुंगावी. मग तूप, वरण काही न घालता एक घास सावकाश चावावा. नव्यात मऊपणा व गोडसरपणा आढळतो, जुन्यात दाण्याची कणी दाताला कळते. घशाशी तेलकट खवटपणा जाणवला, तर तो तांदूळ मुरला नसून बिघडला आहे असे समजावे.

अशी पारख परदेशी पेयांतही चालते. जर्मनीत मोझेल नदीकाठी रीसलिंग द्राक्षांचे पांढरे मद्य होते. त्याच्या जवळजवळ कोरड्या, म्हणजे किंचितच गोड, प्रकारात एका लिटरमागे साखर साधारणतः १८ ग्रॅमपर्यंत असते. वर्षे लोटतात तशी ताज्या फळांची लज्जत ओसरते आणि रॉकेलची आठवण करून देणारा एक वास येऊ लागतो. साखर तेवढीच असून मद्य मात्र कमी गोड लागते. कोणी ताजेपणासाठी ते लवकर पितात, कोणी भारदस्तपणासाठी दहा वर्षे थांबतात. तेथेही काही मिळवण्यासाठी काही गमवावे लागतेच.

दाणा मुरवायचा असेल, तर तो भाताच्या रूपातच ठेवणे श्रेयस्कर. टरफल कोंड्यातील तेलाचे रक्षण करते. हातसडीचा तांदूळ त्यामुळेच लवकर खवटतो. भात वाळवून त्यातील ओलावा शेकडा १४ च्या खाली आणावा आणि कणगी जमिनीपासून उंचावर, कोरड्या जागी ठेवावी. पावसाळ्यात हवेतला दमटपणा दाण्यात शिरतो, म्हणून आषाढापूर्वी एकदा पुन्हा ऊन दाखविणे इष्ट.

येथे प्रश्न केवळ चवीचा राहत नाही. कणगीत वर्षभर भात ठेवणे ज्याला परवडते त्यालाच जुनेपणाचे मोल मिळते. सुगीतच देणी भागवावी लागणारा शेतकरी नवा माल विकतो आणि मुरण्याचा लाभ व्यापाऱ्याच्या वखारीत जातो. २००७ च्या गोदामविषयक कायद्याने मालाची पावती तारण ठेवून कर्ज घेण्याची सोय केली आहे. लहान शेतकऱ्यास ती सहज वापरता आली, तर हा लाभ काही अंशी त्याच्या घरी राहील.

नावाचाही प्रश्न आहे. २०१६ साली 'बासमती' या नावास भौगोलिक मानांकन मिळाले, ते उत्तरेकडील प्रदेशांपुरते. बेळगाव त्यात नाही. त्याच सुमारास शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळास स्वतःच्या नावाने मानांकन लाभले. बेळगावच्या तांदळाची खरी ओळख उसन्या नावात नसून त्या काळ्या जमिनीत आणि गार हवेत आहे. शहर वाढत असता ती जमीन आणि घरोघर राखलेले बियाणे टिकले, तरच नव्याचा दरवळ आणि जुन्याचा दाणा या दोहोंची निवड करण्याचा अधिकार पुढल्या पिढीस राहील.