यंत्रमाग टिकवायचा असेल तर विजेचा हिशोब मांडा

देशाने जगाच्या बाजारात स्पर्धा करावी, नवे तंत्र आणावे, सूर्यापासून वीज घ्यावी, अशी भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. भाषण संपते, टाळ्या होतात आणि भिवंडी-मालेगावचा विणकर पुन्हा आपल्या वीजबिलाकडे पाहत बसतो. आम्ही कापडाचे व्यापारी. ग्रे कापडाचा भाव ठरविताना सूत, साइझिंग, मजुरी आणि वीज यांवरच घासाघीस होते, हे आम्हाला रोज दिसते. सुताचा भाव विणकराच्या हातात नाही. मजुरी कमी करा म्हणणे हा तर उघड जुलूम आहे. कारागीर आधीच बारा-बारा तास मागापुढे उभा असतो. उरली वीज. एक मीटर कापड किती खर्चात निघते याची हजारो कारखान्यांतील बेरीज म्हणजेच या धंद्यातील देशाची ताकद होय, म्हणून आज विजेचाच हिशोब मांडू.

चोवीस साध्या मागांचा कारखाना धरा. प्रत्येक मागाला एक अश्वशक्तीची मोटर, म्हणजे एकूण चोवीस अश्वशक्ती, सुमारे १८ किलोवॅट. चालता माग तासाला साधारण अर्धे युनिट घेतो असे मानले, तर वीस तासांत कारखाना २४० युनिटे खातो. साठ पिकांचे कापड असेल आणि माग मिनिटाला १२० पिके टाकत असेल, तर तासाला तीन मीटर कापड निघायला हवे. धागा तुटणे, कांडी बदलणे यात वेळ जातो, म्हणून अडीच मीटरच्या आतच हाती येते. म्हणजे मीटरमागे पाव युनिटाच्या थोडी आत वीज. आकडा लहान दिसतो, पण ज्या बाजारात मीटरमागे पाच-दहा पैशांवर सौदा फिसकटतो, तेथे तो लहान नाही.

आता त्याच कारखान्यात वर पाहा. जुनी चोकवाली ट्यूब पन्नास वॉटहून अधिक घेते. एलईडी ट्यूब वीस वॉटमध्ये तेवढाच प्रकाश देते. चोवीस ट्यूब बदलल्या तर वीस तासांत सुमारे चौदा युनिटे वाचतात. ज्या मोटरी तीन-तीन वेळा रिवाइंड झाल्या, ज्यांचे पट्टे सैल आहेत, ज्यांच्या बेअरिंगला महिनोन्महिने तेल नाही, त्या फुकट वीज जाळतात. एका मागामागे पन्नास वॉट जरी वाचले तरी दिवसाची चोवीस युनिटे झाली. दोन्ही मिळून अडतीस. हा आकडा लक्षात ठेवावा.

सौर विजेकडे येऊ. आपल्या भागात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे देते आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. नेट मीटरिंगमध्ये मंजूर भाराइतकेच पॅनेल बसविता येते; म्हणजे आपल्या या कारखान्याला अठरा किलोवॅट. त्यातून दिवसाला ७२ युनिटे, एकूण गरजेच्या तीस टक्के. रात्रपाळी सूर्यावर चालत नाही, ती वीज तारेवरूनच घ्यावी लागेल. पावसाळ्यात उत्पादन घटेल. परंतु मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, सूर्य मात्र सुट्टी घेत नाही. त्या दिवशीची युनिटे तारेवर जातात आणि बिलातून वजा होतात.

म्हणजे अठरा किलोवॅटचे पॅनेल दिवसाला ७२ युनिटे देणार आणि ट्यूब-मोटरींची गळती थांबविली तर ३८ वाचणार, निम्म्याहून अधिक. पॅनेलचा खर्च लाखांत आहे, ट्यूबचा काही हजारांत. तरीही पॅनेलवाल्याचा एजंट दारात आला की गर्दी होते आणि जॉबर मोटर बदला म्हणाला तर त्याला गप्प करतात! आधी गळती थांबवावी, मग छपरावर चढावे. छपरावर चढण्यापूर्वी छप्परही तपासावे. सिमेंटचे जुने पत्रे पॅनेलचे वजन पेलत नाहीत. भिंतींवर लोखंडी सांगाडा उभारावा लागतो आणि तो खर्च एजंटच्या कागदावर बहुधा नसतो. धूळ आणि कापसाचे तंतू पॅनेलवर बसतात, ते धुण्याची सोय हवी.

अनुदानाबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना घरांसाठी आहे, कारखान्यांसाठी नाही. लहान यंत्रमागांसाठी केंद्राच्या २०१७ च्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत सौर संचाला मदत होती, तिची मुदत संपली. राज्य सरकारने २०२४ मध्ये २७ अश्वशक्तीच्या आतील यंत्रमागांना युनिटमागे एक रुपयाची आणि त्यावरील, २०१ अश्वशक्तीच्या आतील घटकांना ७५ पैशांची जादा सवलत देण्याचा निर्णय घेतला. सवलत चांगलीच, पण तिच्यामुळे एक उलटी गोष्ट घडते. वीज जितकी स्वस्त, तितका पॅनेलचा पैसा उशिरा वसूल होतो. म्हणून एजंटने दाखविलेला दर न धरता आपल्याच बिलावरील सवलत वजा जाता पडणारा दर धरावा आणि त्याने ७२ ला गुणावे.

नव्या मागांविषयीही असाच भ्रम आहे. रेपियर साध्या मागाच्या तिप्पट वेगाने चालतो, कापडात दोष कमी येतात, एक कारागीर जास्त माग सांभाळतो आणि निर्यातीचा ग्राहक तेच कापड मागतो. सुरत, इचलकरंजीने हे ओळखले. पण रेपियरने विजेचे बिल घटते, हे खरे नाही. त्याची मोटर मोठी असते. एअरजेटला तर दाबाची हवा लागते आणि कॉम्प्रेसर वीज ओढतो. तेथे नफा येतो तो चांगल्या कापडाला मिळणाऱ्या भावातून. ज्यांची ऐपत नाही त्यांनी साध्या मागालाच ताना आणि बाना तुटताच थांबण्याची सोय करून घ्यावी. दोषाचे कापड विणण्यात गेलेली वीजही वायाच जाते.

बाहेरचा ग्राहक आता कापडाबरोबर विजेचीही चौकशी करू लागला आहे. बांगलादेशात दोनशेहून अधिक कारखान्यांनी हरित इमारतीचे प्रमाणपत्र घेतले आहे. युरोपने काही मालांवर कार्बनचा सीमाकर आणला. त्यात कापड अजून नाही, पण तेथे तयार कपडे पाठविणारे आपले निर्यातदार कापड कोणत्या विजेवर विणले हे विचारतील, तेव्हा उत्तर तयार हवे.

प्रश्न भांडवलाचा. आपल्यापैकी पुष्कळजण व्याजाचे कर्ज घेत नाहीत. त्यांना भागीदारीचा रस्ता मोकळा आहे. कारखानदाराने छप्पर द्यावे, थोडी रक्कम घालावी. उरलेली रक्कम व्यापाऱ्याने किंवा नातेवाइकांनी मिळून घालावी. सौर मीटर रोजची युनिटे मोजतो, त्यामुळे फसवणुकीला वाव कमी. बचतीचा वाटा आधीच ठरवावा, तोटा झाला तर भांडवलाच्या प्रमाणात सोसावा आणि सर्व काही साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्येच आहे, पण आपण भाऊबंदकीत तेवढेच टाळतो.

खरी अडचण भाड्याच्या कारखान्यांची आहे. छप्पर मालकाचे, माग भाडेकरूचे, आणि मीटर कित्येकदा वारलेल्या आजोबांच्या नावावर. पंचवीस वर्षे चालणारे पॅनेल अकरा महिन्यांच्या करारावर कोण बसविणार? येथे मालकाने पॅनेल बसवून भाडेकरूला ठरलेल्या दराने वीज देणे सोयीचे वाटते, पण त्यास वितरण कंपनीची परवानगी लागेल काय, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. मीटर नावावर करून घेण्याचे काम तर आजच सुरू करता येते. वारसांची संमती, मालमत्ता कराची पावती आणि जुने बिल घेऊन वीज कार्यालयात जावे.